जुनी माउंटन बाइक: नवे पार्ट टाकायचे की नको, हे ठरवायचं कसं

जुनी एमटीबी (माउंटन बाइक, म्हणजे कच्च्या डोंगरवाटांची सायकल) असते, हाताला सवयीची झालेली असते, आणि मग कधीतरी कुणाची तरी नवी बाइक दहा मिनिटं चालवायला मिळते आणि डोक्यात किडा शिरतो, की आपल्या बाइकला पण पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती), मागे ती मोठ्ठी कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, ड्रॉपर (चालवताना सीट खालीवर करता येणारा सीटपोस्ट), एअर फोर्क (पुढचा हवेचा सस्पेन्शन फोर्क) असं सगळं लावलं तर? किडा चांगला आहे. मी जुन्या बाइक टिकवण्याच्याच बाजूचा माणूस आहे, धडधाकट फ्रेम भंगारात गेलेली मला बघवत नाही. पण बहुतेक लोक सुरुवात चुकीच्या टोकाने करतात. आधी पार्ट पसंत करतात, डिस्काउंट दिसला की ऑर्डर टाकतात आणि पार्सल घरी आल्यावर कळतं की हब (चाकाचा मधला भाग) मावत नाही, फोर्कची नळी आत जात नाही, मागच्या चाकावर कॅसेट बसायची सोयच नाही. काय बसेल आणि काय नाही हे फ्रेम ठरवते, आणि ते ती फ्रेम बनली तेव्हाच ठरून गेलंय. म्हणून आधी मोजामोजी, मग हिशोब, खरेदी सगळ्यात शेवटी.

त्याही आधी एक काम आहे आणि ते टाळू नका: बाइकची नीट सर्व्हिस करा. नवीन गिअर केबल आणि तिचं बाहेरचं कव्हर, नवीन ब्रेक पॅड, हबमध्ये आणि हेडसेटमध्ये (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) ताजं ग्रीस, डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हँगर म्हणजे तो फ्रेमला टांगणारा तुकडा सरळ करून घेणं, चाकांचा वाक काढणं. खर्च किरकोळ असतो आणि "गिअर पडत नाहीत, ब्रेक लागत नाहीत" या तक्रारींपैकी निम्म्याअधिक इथेच मिटतात, कारण जुनी बाइक वाईट वाटते तेव्हा बऱ्याचदा ती नुसती झिजलेली आणि सुकलेली असते.

चेन घरच्या पट्टीने तपासता येते. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य धरायचा, तिथून बारा पूर्ण जोड्या म्हणजे चोवीस कड्या मोजायच्या, नवीन चेनमध्ये ती पिन बरोबर १२ इंचावर येते. १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ आली. १/८ इंच पुढे गेली असेल तर कॅसेट पण खाल्ली गेलीय असं धरून चाला, मग नुसती चेन बदलली तर ती जुन्या दातांवरून जोर लावला की उड्या मारते. आणि चेन, कॅसेट, चेनरिंग तिन्ही एकदम गेलेलं असेल तर ती अपग्रेडची खरी संधी, कारण तो खर्च तसाही करायचाच होता, त्यात थोडी भर घालून नवं ड्राइव्हट्रेन (चेन आणि गिअरचा सगळा संच) येत असेल तर हिशोब जुळतो. उलट सगळं चांगलं चालू असताना ते काढून फेकणं मला पटत नाही.

सर्व्हिस झाली की काही आठवडे बाइक चालवा आणि जे अजून खटकतंय तेवढंच कागदावर लिहा. "उतारावर पुढे पडेन असं वाटतं", "चढाला शेवटचा गिअर कमी पडतो", "चिखलात ब्रेक जातात" असं, स्पष्ट. पार्टचं नाव लिहू नका, त्रास लिहा. तोच कागद पुढे कामी येतो.

फ्रेम जिवंत आहे का

आता फ्रेम. धुवून पुसून, उजेडात, टॉर्च घेऊन बसा. हेड ट्यूबच्या (हँडलखालची पुढची आखूड नळी) खाली जिथे डाउन ट्यूब (तिथून पेडलांकडे उतरणारी नळी) जोडलीय तो वेल्ड, सीट ट्यूबचं वरचं तोंड आणि तिथली चीर, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलांचा ॲक्सल फिरतो ती जागा) मागे चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्या) जिथून निघतात ती जागा, आणि ड्रॉपआउटच्या (चाकाचा ॲक्सल बसतो त्या खाचा) आसपास. ॲल्युमिनियममध्ये भेग सुरू झाली की आधी पेंटवर केसासारखी काळपट रेघ दिसते, बहुतेक वेळा वेल्डच्या अगदी कडेला, पुसली तरी परत दिसते. शंका आली तर कापसाचा बोळा त्यावरून हळू फिरवा, धागे अडकले तर तो ओरखडा नाही. ॲल्युमिनियमला थकवा साठत जातो, त्यामुळे वीस वर्षं दणके खाल्लेली हलकी रेसिंग फ्रेम आणि वीस वर्षं गॅरेजमध्ये उभी राहिलेली फ्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नुसतं वय बघून ठरवू नका. स्टीलची फ्रेम असेल तर सीटपोस्ट काढून आत टॉर्च मारा, बॉटम ब्रॅकेटच्या आसपास गंजाचे पापुद्रे सुटतायत का बघा. कार्बन असेल आणि टिचकी मारल्यावर एकाच ठिकाणी आवाज बसका येत असेल तर ओळखीच्या तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सीटपोस्ट काढा म्हटलं त्याला अजून एक कारण आहे. वर्षानुवर्षं न हलवलेला ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये (आणि कधीकधी ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये पण) असा धरून बसतो की निघता निघत नाही. बॉटम ब्रॅकेटच्या कपांचं आणि पेडलांचं तेच. हे तिन्ही सुटतायत याची खात्री झाल्याशिवाय एकही पार्ट मागवू नका.

भेग सापडली तर विषय तिथेच संपला, त्या फ्रेमवर पुढे एक पैसाही घालू नका.

मोजायच्या जागा

फ्रेम ठीक आहे? मग वर्निअर घ्या, नसेल तर चांगली स्टीलची पट्टी पण चालेल.

पहिलं माप मागच्या ड्रॉपआउटच्या आतलं अंतर. नव्वदीच्या आणि दोन हजारच्या दशकातल्या बऱ्याचशा एमटीबीत हे १३५ मिमी निघतं आणि ॲक्सल साधा क्विक रिलीजचा (खटका ओढून चाक सुटणारा). त्यानंतर १४२ मिमीचा १२ मिमी जाड थ्रू ॲक्सल (हबमधून आरपार जाणारा) आला, मग १४८ मिमीचं, ज्याला बूस्ट म्हणतात. आज नवीन बाइकवरून उतरवलेली भारी चाकं सेकंडहँड दिसतात ती बहुतेक बूस्टची असतात आणि ती १३५ च्या फ्रेममध्ये बसत नाहीत, कुठलाही जुगाड करून बसत नाहीत. १४२ च्या काही हबना एंड कॅप बदलून १३५ क्विक रिलीज करता येतं, त्या हबच्या कंपनीची ती कॅप मिळते का तेवढं बघायचं. पुढच्या बाजूला तसंच, जुनं १०० मिमी क्विक रिलीज, नंतर १५ मिमी ॲक्सल १०० रुंदीचा, मग ११० रुंदीचं बूस्ट.

दुसरं हेड ट्यूब, आणि घोडं सगळ्यात जास्त इथेच पेंड खातं. जुन्या फ्रेमची हेड ट्यूब वरपासून खालपर्यंत सरळ असते, १-१/८ इंची स्टिअररसाठी (फोर्कची वर जाणारी नळी), आतून साधारण ३४ मिमी. आजचे जवळजवळ सगळे चांगले फोर्क टेपर्ड येतात, म्हणजे खाली दीड इंच. ३४ मिमीच्या नळीत टेपर्ड फोर्क जात नाही, संपलं. पण हेड ट्यूब जाडजूड असेल, बाहेरून ५० मिमीच्या आसपास आणि आतून ४४ मिमी, तर खालचा कप बाहेर राहणारा हेडसेट लावून टेपर्ड फोर्क बसतो, आणि मग त्या फ्रेमचं आयुष्य एकदम वाढतं. आणि बाइक इतकी जुनी असेल की स्टेम (हँडलबार धरणारा तुकडा) फोर्कच्या नळीच्या आत घुसवलेला आहे, वर मोठा नट आहे, तर स्टेम, हेडसेट आणि फोर्क तिन्ही बदलल्याशिवाय नवीन काहीच होत नाही हे लक्षात घ्या.

तिसरं, डिस्क ब्रेकचे माउंट. मागे डाव्या बाजूला दोन भोकांचा कान आहे का? असेल तर अडॅप्टर लावून आजचा कुठलाही पोस्ट माउंट पद्धतीचा कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग) बसतो. नसेल तर मागे डिस्क विसरा. चेनस्टेला क्लॅम्पने आवळायचे ब्रॅकेट मिळतात, ते लावू नका, ती नळी तो जोर सहन करायला बनवलेली नाही.

चौथं, मागच्या चाकावर फ्रीव्हील आहे की कॅसेट. याच्यावर गिअरचं सगळं अवलंबून असूनही हे कुणी बघत नाही. चाक काढा, दातांच्या गठ्ठ्याच्या मध्ये जिथे टूल बसवायच्या खाचा असतात तिकडे नजर ठेवा आणि दाते उलटे फिरवा. खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट आहे. खाचा जागेवर राहिल्या आणि दातेच फिरले तर ते आट्यांवर बसवलेलं फ्रीव्हील आहे, म्हणजे सहा-सात स्पीडच्या पुढे जायचं तर चाक किंवा निदान हब बदलणं आलं. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत असतं त्यामुळे ॲक्सल वाकतो किंवा तुटतो, म्हणजे तसंही रफ ट्रेलवर ते चाक भरवशाचं नाही. कॅसेट निघाली आणि ती आठ, नऊ किंवा दहा स्पीडची असेल तर सोन्याहून पिवळं, त्याच शिमानो एचजी पद्धतीच्या फ्रीहबवर (हबचा भाग ज्यावर कॅसेट सरकवून बसवतात) आज ११ स्पीडची ११-५१ माउंटन कॅसेट बसते. सात स्पीडच्या जुन्या फ्रीहबची बॉडी मात्र आखूड असते.

पाचवं माप सीटपोस्टचं, ते पोस्टवरच खाली कोरलेलं असतं, २७.२, ३०.९, ३१.६ असं काहीतरी. ड्रॉपर घ्यायचा असेल तर हे लागेल. ३१.६ च्या नळीत ३०.९ चा ड्रॉपर शिम (मधली पातळ नळी) घालून बसतो, उलट होत नाही. २७.२ मध्ये ड्रॉपर मिळतात पण पर्याय थोडे आणि सीट खालीही कमीच जाते. केबल आतून न्यायला जुन्या फ्रेमला भोक नसतं, त्यासाठी बाहेरून केबल जाणारे ड्रॉपर असतात. फ्रेमला ड्रिल मारू नका, कृपया.

बॉटम ब्रॅकेटची चिंता सहसा नसते. आट्यांचं ६८ किंवा ७३ मिमी शेल (ती आडवी नळी) असेल तर आजचा २४ मिमी ॲक्सलवाला क्रँक (पेडलांचे दांडे) सरळ बसतो, जुन्या फ्रेमचा हा मोठा प्लस पॉइंट आहे.

आणि चाकाचा साइज. २६ इंचाच्या रिमचा टायर जिथे बसतो तो व्यास ५५९ मिमी, २७.५ चा ५८४, २९ चा ६२२. म्हणजे २६ च्या जागी २७.५ घातलं तर रिम त्रिज्येत साडेबारा मिमीच वाढते, आणि डिस्कवाल्या काही फ्रेममध्ये बारीक टायर घालून ते खरंच मावतं. सध्याच्या टायरपासून चेनस्टेच्या आडव्या पट्टीपर्यंत आणि दोन्ही बाजूंना किती जागा आहे ते मोजा, नवीन टायर घातल्यावर सगळीकडून सहाएक मिमी तरी उरलं पाहिजे, नाहीतर चिखल अडकला की चाक जाम. २९ चा विचार सोडून द्या. रिम ब्रेकची बाइक असेल तर २७.५ चा पण सोडा, पॅड रिमपर्यंत पोचणारच नाहीत.

जे विकत मिळत नाही

एवढं सगळं बसत असलं तरी एक गोष्ट कुठल्याच पार्टमध्ये येत नाही, ती म्हणजे जिओमेट्री, फ्रेमच्या नळ्यांचे कोन आणि लांब्या. नव्या बाइकवर उतारावर जो भरवसा वाटतो तो गिअरमुळे वाटत नाही आणि नुसत्या ब्रेकमुळे पण वाटत नाही. जुन्या क्रॉस कंट्री फ्रेमचा हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) ७०-७१ अंश, आजच्या ट्रेल बाइकचा ६४ ते ६६. त्यात आजची फ्रेम लांब, स्टेम आखूड, त्यामुळे पुढचं चाक तुमच्या बरंच पुढे असतं आणि तीव्र उतारावर तोंडावर पडायची भीती कमी होते. जुन्या बाइकवर फ्रेम आखूड, स्टेम १०० ते १२० मिमी, हँडलबार ५८० मिमी, वजन सगळं पुढच्या चाकावर.

मग लोक म्हणतात मोठा फोर्क टाकू, पुढून उचलली की अँगल आडवा होईल. होतो, २० मिमी ट्रॅव्हल (फोर्क दबण्याचं अंतर) वाढवला की साधारण एक अंश. पण त्याबरोबर बॉटम ब्रॅकेट वर जातो, सीट मागे कलते, चढाला पुढचं चाक उचलायला लागतं आणि हेड ट्यूबच्या त्या वेल्डवर तरफ वाढते, तोच वेल्ड जो आपण आत्ता टॉर्च मारून बघितला. ८० च्या जागी १०० चालून जातं, ८० साठी बनवलेल्या फ्रेमला १४० लावू नका, प्रश्न हातपाय शाबूत राहण्याचा आहे.

म्हणून तो कागद काढा. त्यावर "उतारावर पुढे पडेन असं वाटतं" हे सगळ्यात वर असेल आणि तुम्हाला तसेच तीव्र, दगडांचे उतार आवडत असतील, तर उत्तर नवीन फ्रेम आहे, म्हणजे नवीन किंवा सेकंडहँड बाइक. पार्ट बदलून ते मिळणार नाही. पण त्रास गिअरचा, ब्रेकचा, ग्रिपचा, पाठीचा, मनगटाचा असेल, तुम्ही कच्चे रस्ते आणि साधे ट्रेल चालवत असाल, तर जुनी बाइक खरंच खूप सुधारते, आणि ती हलकी, चपळ बाइक चढाला अजूनही मजा देते.

कुठून सुरू करायचं

टायर. प्रश्नच नाही. जुना टायर कडक होतो, साइडवॉलला बारीक भेगा पडतात, ओल्या दगडावर घसरतो आणि आपण ब्रेकला नावं ठेवतो. जागा असेल तर २.१ इंचावरून २.२५ वर जा, रबर चांगलं घ्या, आणि हवा कमी ठेवायला शिका, ट्यूब असताना मध्यम वजनाच्या माणसाने ३० पीएसआयच्या आसपास सुरू करून थोडं खालीवर करून बघावं. ५० भरून फिरणारे लोक बघितले की वाईट वाटतं, चांगला टायर पण दगडासारखा होऊन जातो. जुन्या अरुंद रिमवर टेप मारून ट्यूबलेस (आत ट्यूब न घालता) करायच्या भानगडीत मी पडणार नाही, त्या रिमची कड त्यासाठी बनवलेली नसते आणि वळणावर टायर सुटला तर काय होईल ते सांगायला नको.

मग हँडलबार आणि स्टेम. ७८० चा बार आणि ३५ चा स्टेम जुन्या फ्रेमला लावू नका, फ्रेमच आखूड असल्याने गुडघे हँडलला लागतात की काय असं वाटतं. ७००-७२० चा बार आणि ६० ते ७० चा स्टेम, हे मला जुन्या फ्रेमवर सगळ्यात बरं वाटलेलं माप. जुना बार २५.४ मिमी क्लॅम्पचा असतो आणि नवीन ३१.८ चा, त्यामुळे दोन्ही एकत्रच बदलावे लागतात. चांगले ग्रिप, पिनांचे रुंद फ्लॅट पेडल. एवढ्यात बाइक ओळखू येत नाही, आणि यातलं बहुतेक सगळं उद्या नवी बाइक घेतली तर काढून तिच्यावर लावता येतं.

ब्रेक. डिस्कचे माउंट असतील आणि हबला रोटर लावायची सोय असेल तर साधे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हा सगळ्यात जास्त समाधान देणारा बदल आहे, पुढे १८० चा रोटर मागे १६० चा, फोर्कवर १८० ला परवानगी आहे ना ते बघून. पोस्ट माउंट कॅलिपर पुढच्या बाइकवर पण जातात. माउंट नसतील तर हळहळू नका, सरळ रिमवर नीट लावलेले व्ही ब्रेक (रिमवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे) आणि चांगले पॅड कोरड्यात दोन बोटांनी चाक अडवतात. फक्त रिमची बाजू बोटाने चाचपून बघा, आत खोलगट लागली तर रिम झिजलीय आणि ती हवेच्या दाबाने फुटू शकते, तेव्हा पॅडच्या आधी रिम.

आता ड्राइव्हट्रेन, ज्याच्यासाठी बहुतेकांनी हे वाचायला घेतलं. पुढच्या तीन चेनरिंग काढून एकच ठेवायचा मोह सगळ्यांना होतो आणि तो चांगलाही आहे, पुढचा डिरेलर जातो, डावा शिफ्टर जातो, चेन पडायची थांबते. पण आकडेमोड करून बघा. समजा तुमच्याकडे पुढे २२-३२-४४ आणि मागे ११-३४ आहे. सगळ्यात हलका गिअर २२ भागिले ३४ म्हणजे ०.६५. आता पुढे ३२ आणि मागे ४२ ची कॅसेट लावली तर ३२ भागिले ४२ म्हणजे ०.७६, म्हणजे चढाला गिअर आधीपेक्षा जड झाला! खर्च करून चढ अवघड करून घेतला. ३२ ला ५१ लावलं तर ०.६३, मग ठीक, आहे तेवढं परत मिळालं. किंवा पुढे ३० मागे ४६, तेही ०.६५. वरच्या टोकाला ४४ भागिले ११ म्हणजे ४ होतं ते ३२ ला ११ वर २.९ होतं, सपाट रस्त्यावर पाय रिकामे फिरायला लागतात. ट्रेलवर याने काही बिघडत नाही, पण तुम्ही तीच बाइक डांबरी रस्त्यावर लांब पल्ल्याला नेत असाल तर तीन चेनरिंगच बऱ्या, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आणखी दोन गोष्टी. जुन्या क्रँकचे चेनरिंगचे चार बोल्ट १०४ मिमी व्यासाच्या वर्तुळावर असतील तर ३२ दातांच्या खाली सहसा जाता येत नाही, फार तर ३०, ते पण खास आटे पाडलेल्या चेनरिंगने. आणि शिफ्टर, मागचा डिरेलर, कॅसेट, चेन हे एकाच कुटुंबातलं एकत्र घ्या. शिमानोच्या ९ स्पीडच्या माउंटन डिरेलरला १० स्पीडचा शिफ्टर चालत नाही, केबल ओढायचं प्रमाणच वेगळं आहे. ५१ दातांच्या कॅसेटला लांब केजचा (चेन ताणून धरणारा खालचा हात), क्लचवाला (चेन उसळू न देणारा), तेवढ्या दातांसाठी बनवलेला डिरेलर लागतो, जुन्याला स्क्रू पिळून नेता येत नाही.

किती स्पीड? माझं मत स्पष्ट आहे, जुन्या एचजी फ्रीहबवर ९, १० किंवा ११ स्पीडचं रुंद रेंजचं किट घ्या, मायक्रोशिफ्टचं ॲडव्हेंट असो की शिमानोचं ११ स्पीड डिओरे. १२ स्पीडच्या बऱ्याच कॅसेटना दहा दातांची छोटी चकती असते आणि तिला स्रॅमची एक्सडी किंवा शिमानोची मायक्रो स्प्लाइन बॉडी लागते, म्हणजे परत हब. स्रॅमच्या एनएक्स आणि एसएक्स ईगल एचजीवर बसतात पण त्या ११-५० कॅसेट वजनाला चांगल्याच भारी आहेत. आणि २०२३ मध्ये आलेलं स्रॅमचं थेट फ्रेमला बसणारं ट्रान्समिशन तुमच्या फ्रेमला नाही बसणार, त्याला २०१९ मध्ये आलेला यूडीएच (सगळ्यांना एकसारखा) डिरेलर हँगर ज्या फ्रेमला चालतो तशीच फ्रेम लागते.

ड्रॉपर मिळत असेल तर घ्याच. जिओमेट्रीची थोडीफार भरपाई करणारा हा एकमेव पार्ट आहे, सीट खाली गेली की वजन मागे आणि खाली नेता येतं आणि तोच उतार निम्मा सोपा वाटतो.

फोर्क आणि चाकं सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा नाहीच. २६ इंची, सरळ स्टिअररचे चांगले नवीन फोर्क आता जवळजवळ येत नाहीत, आणि घेतलेला तसा फोर्क आणि २६ ची चाकं पुढच्या कुठल्याच नवीन ट्रेल बाइकवर जाणार नाहीत. आहे तोच फोर्क उघडून सील, तेल बदलून घ्या, सील किट मिळतंय का आधी चौकशी करा, आणि स्टँशनचं (फोर्कच्या आत सरकणाऱ्या नळीचं) कोटिंग उडून आतला धातू दिसत असेल तर मात्र तो फोर्क गेला.

फुल सस्पेन्शन असेल तर हे सगळं वाचायच्या आधीच मागचा शॉक बघा. त्याची लांबी आणि स्ट्रोक (दबण्याचं अंतर) मोजा, जुने इंची मापाचे असतात, २०१६ पासून मेट्रिक मापं आली आणि ती एकमेकांना सहसा चालत नाहीत. पिव्हटची (फ्रेमच्या हलत्या सांध्यांची) बेअरिंग बाजारात मिळतात, पण बोल्ट आणि बुशिंग त्या मॉडेलचेच लागतात. ते मिळत नसतील तर त्या बाइकवर मोठा खर्च करू नका.

हिशोब

कागदाला दोन रकाने पाडा. एकात ते पार्ट जे पुढच्या बाइकवर जातील: पेडल, सीट, ग्रिप, बार, ब्रेक, माप जुळलं तर ड्रॉपर. दुसऱ्यात ते जे या फ्रेमबरोबरच संपतील: २६ ची चाकं, सरळ स्टिअररचा फोर्क, हेडसेट, तिचाच सीटपोस्ट क्लॅम्प. पहिल्या रकान्यात मोकळ्या हाताने घाला. दुसऱ्यात घालायचं तर या बाइकमध्ये खरंच जीव अडकलाय म्हणून घाला, आणि तसं असेल तर बिनधास्त घाला, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

मग लपलेले खर्च मिळवा, तेच लोक विसरतात: केबल, रोटर, अडॅप्टर, ब्रेक ऑइल, चेन लिंक, कॅसेट काढायचं टूल आणि चेन व्हिप, क्रँक पुलर, नाहीतर मेकॅनिकची मजुरी. आलेली बेरीज चांगल्या अवस्थेतल्या पाचेक वर्षं जुन्या सेकंडहँड ट्रेल बाइकच्या किमतीशी ताडून बघा. एक तृतीयांशाच्या आत असेल तर मी अपग्रेड करेन. निम्म्याच्या वर गेली तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तेव्हा थांबा आणि सेकंडहँड शोधा. मधल्या पट्ट्यात असाल तर पहिला रकाना आत्ता घ्या, दुसरा सहा महिने तसाच ठेवा.

आणि उत्तर "नको" असं आलं तरी ती फ्रेम वाया जात नाही. सस्पेन्शन फोर्क थकला असेल तर त्या जागी रिजिड (सस्पेन्शन नसलेला) फोर्क टाका, दीड ते पावणेदोन इंची गुळगुळीत टायर घाला, मडगार्ड आणि कॅरिअर लावा, तीन चेनरिंग तशाच ठेवा, रोजच्या वापराची आणि लांब पल्ल्याची एवढी दणकट बाइक नवीन घ्यायला गेलात तर सहज मिळत नाही. फोर्क निवडताना ॲक्सलपासून क्राउनपर्यंतची (फोर्कचे दोन पाय वर जिथे जुळतात तिथपर्यंतची) लांबी मोजा: १०० मिमी ट्रॅव्हलचा २६ इंची फोर्क ४७० मिमीच्या आसपास असतो आणि तुम्ही बसल्यावर २०-२५ मिमी दबतो, म्हणून रिजिड ४४५ ते ४५० मिमीचा घ्या म्हणजे बाइकचा तोल आहे तसाच राहतो. स्टिअरर कापायच्या आधी हेडसेट, स्पेसर आणि स्टेम लावून खूण करा आणि खुणेच्या वर एक सेंटीमीटर जास्त ठेवून कापा, कमी नंतरही करता येतं.